दुसऱ्याच्या नमुन्यावर बेतलेला कोट

५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी शिलाईचं मशीन चालूच ठेवतोस, म्हणून हे पत्र. शिवाय तूच म्हणतोस की फोनवर माणूस अर्धं ऐकतो आणि पूर्ण उत्तर देतो.

बातमी अशी की मी लग्न करतेय. कुणाशी ते तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं जिच्याबरोबर एका घरात राहते तिच्याशीच, चष्मेवालीशी. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नोंदणी कचेरीत सह्या, मग थोड्या माणसांचं जेवण. ती जिथे काचा घासते त्या दुकानाची मालकीण येईल, माझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे येतील. तू येणार हे धरून चाललेय.

आईचं मात्र काही धरता येत नाही. ही माझी मैत्रीण नाही, माझं माणूस आहे, असं मी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं आणि तेव्हापासून तिने बोलणंच टाकलंय. भांडली असती तर बरं झालं असतं. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर जगाला उत्तरं देणारी बाई, पण मला तिने एक प्रश्न विचारला नाही. ती आली नाही तरी लग्न होईल. पण ते अर्धंच झालं असं मला वाटत राहील. हे तुलाच लिहिते. तिला सांगू नकोस असंही म्हणत नाही.

आता कामाचं. मला कोट शिवून दे. बायकांचा नको, तू शिवतोस तसा पुरुषी कोट, बटणं उजवीकडे, आत दोन खिसे. दुकानातले बायकांचे कोट घातले की दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यासारखं वाटतं मला. मापं सोबत आहेत, चष्मेवालीने घेतलीत. ती केसाइतकीही चूक करत नाही, तेव्हा शंका काढू नकोस.

तुझी,
खारू


१९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

पत्र मिळालं. मशीन बंद करून वाचलं, याची नोंद व्हावी.

अभिनंदन दोघांचं. कोट मी शिवणार हे विचारायची गोष्ट नाही. मला कुणी गुरू नव्हता. जुने कोट उसवून, त्यांची आतडी टेबलावर मांडून मी कोट शिकलो. आज कॉलरखाली हाताने टाके घालणारा या बाजारात मी एकटा उरलोय. बाकीचे आतलं अस्तर गोंदाने चिकटवतात आणि फुगे आले की गिऱ्हाइकाच्या इस्त्रीला दोष देतात. कापड काढून ठेवलंय, गडद राखाडी, अंगावर पडलं की सरळ पडणारं.

आता तुला एक गोष्ट सांगतो. आमच्या दुकानासमोर एक घड्याळं दुरुस्त करणारा आहे. तिशीतला, सडपातळ, मृदू बोलणारा. मागच्या वर्षी कोटासाठी आला. मी टेप उचलली तर म्हणाला, "मास्तर, आधीच सांगतो, म्हणजे टेप हातातून पडायला नको. जन्मल्यावर घरच्यांनी मला मुलगी म्हटलं. मी मुलगी कधीच नव्हतो. आत घट्ट बंडी घातलीय, तिच्यावरून माप घ्या."

टेप पडली नाही. माझ्या हातून टेप पडत नाही. पण रात्रभर विचार केला, आणि तेव्हापासून या विषयाचा पुरता अभ्यास केला. म्हणजे त्यालाच विचारत सुटलो, तो कंटाळेपर्यंत. त्याच्या कोटाचा पुढचा भाग कागदावर पुन्हापुन्हा काढला, छाती सपाट दिसेल आणि श्वासही घेता येईल असा. तो कागदी नमुना मी जपून ठेवलाय. अशी वस्तू फेकत नाहीत.

तर हा घड्याळवाला एकदा म्हणाला होता, "लोक मला बाई म्हणायचे तेव्हा मी परक्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचो." तुझ्या पत्रात पाहुणीचं वाक्य वाचलं आणि मी स्टुलावरून उठलोच. तोही तुझ्यासारखाच. मला सगळं समजलं. तू उघड लिहिलं नाहीस, लिहायची गरजही नाही.

ताईचं माझ्यावर सोड. तिला नीट उलगडून सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढाच घोटाळा आहे. काळजी मिटली असं समज.

तुझा,
मामा


८ मार्च

प्रिय मामा,

काय जादू केलीस?

काल दुपारी मी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीजवळ उकिडवी बसले होते, कोपरापर्यंत वंगण. फोन वाजला, आईचं नाव. मला वाटलं कुणीतरी गेलं. तुझंच काहीतरी झालं असेल, असंही वाटलं, माफ कर.

तर आई म्हणाली, "मामाने सगळं सांगितलं. माझं कोडं सुटलं. मी येते लग्नाला." मी म्हटलं, "आई, खरंच?" तर म्हणाली, "खरंच नाही तर काय खोटं? गाडीची वेळही बघून ठेवलीय." मग जेवलीस का वगैरे काही नाही, पण सारखं 'बाळा, बाळा' करत होती. मला ती कधी बाळा म्हणत नाही. लहानपणी माकड म्हणायची. फोन ठेवताना म्हणाली, "तिला सांग, सासू वाईट नाहीये."

मी तिथेच मोटारीला टेकून बसले. खाली कुणीतरी बोंबलत होतं की लिफ्ट कधी सुरू होणार. होईल, होईल म्हटलं. दोन वर्षं छातीवर जो धोंडा होता तो कुणी उचलून नेला कळलंही नाही. संध्याकाळी घरी आले तर चष्मेवालीने माझ्याकडे बघूनच विचारलं, "कोण आजारातून बरं झालं?"

तू नक्की काय सांगितलंस ते लिही. आणि घड्याळवाल्याला माझा नमस्कार. तो माझ्यासारखाच म्हणजे कसा ते मला नीट कळलं नाही, पण भला माणूस दिसतोय.

तुझी,
खारू


२४ मार्च

प्रिय भाच्या,

हो, भाच्याच लिहिलं. पहिल्यांदा हात अडखळला, आता नाही अडखळत. कोट सोबतच्या पार्सलात आहे. खोक्यावर बसू नये.

ताईशी काय बोललो ते विचारलंस म्हणून जसंच्या तसं लिहितो. ती शिडीवर चढून पंखा पुसत होती. मी शिडी धरली.

म्हटलं, "ताई, खाली उतर, महत्त्वाचं आहे."

"वर ऐकू येतं."

"तुझी मुलगी मुलगी नाहीये."

"मग काय आहे? माकड आहे हे मला जन्मापासून ठाऊक आहे."

"मुलगा आहे. आतून. काही माणसं असतात तशी. माझ्या गिऱ्हाइकांत एक आहे, मी सगळी माहिती काढलीय." मग मी तिला सविस्तर सांगितलं. केस कापणं, लिफ्टचं काम, लहानपणी फ्रॉक घालायचा म्हटलं की कपाटात दडून बसणं, सगळं जागच्या जागी बसवून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग खाली उतरली आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"म्हणजे लग्न करतोय तो मुलगा," म्हणाली.

"हो."

"आणि ती मुलगी."

"ती मुलगीच."

"म्हणजे मला सून येणार. एवढंच होतं? मग दोन वर्षं मी कशाला जीव जाळला?"

फडकं बादलीत टाकलं आणि मला म्हणाली, "तू शहाणा आहेस हो." तुझ्या आईच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, म्हणून लिहून ठेवतो.

आता कोट. तुझे आणि घड्याळवाल्याचे खांदे तंतोतंत जुळले, तेव्हा त्याचाच नमुना तुझ्या कापडावर ठेवून बेतला. चष्मेवालीने घेतलेलं छातीचं माप मी बाजूला ठेवलं. तिची चूक नाही, तिने बंडीशिवाय घेतलं असणार, तिला काय माहीत. तशी घट्ट बंडी कुठे मिळते ते घड्याळवाल्याला विचारून चिठ्ठीवर लिहिलंय, चिठ्ठी आतल्या खिशात आहे. ती घालून कोट घाल, समोरून पाटीसारखा सपाट दिसेल. एरवी मी कच्च्या टाक्यांवर अंगावर चढवून बघितल्याशिवाय कोट पुरा करत नाही, पण तू लांब, आणि मला खात्री होती.

तुझा,
मामा


३ एप्रिल

प्रिय मामा,

कोटाचं बटण लागत नाही.

पार्सल उघडून पत्राआधी कोट घातला. खांदे असे बसले की मी आरशासमोर ताठ उभी राहिले. मग पुढून ओढला तर बटण आणि काज यांच्यात चार बोटांची फट. पहिला विचार काय आला सांगू? वाटलं, मामाला माझी लाज वाटते. बाई पुरुषी कोट घालणार तर निदान बाई दिसू नये, म्हणून मुद्दाम दाबून शिवला. मग तुझं पत्र वाचलं. मग चष्मेवालीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती आधी खो खो हसली, आणि मग अचानक हसायची थांबली.

मामा, मी पुरुष नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. मी बाई आहे, पुरुषी वळणाची बाई, आणि माझं प्रेम एका बाईवर आहे. याला लेस्बियन म्हणतात, शब्द तुला ठाऊक आहे, तू अभ्यास केलायस. तुझा घड्याळवाला ट्रान्स पुरुष आहे. तू मला त्याच्यासारखं समजलास यात अपमान काही नाही. माझ्या कामावर तसा एक आहे, माझा चांगला मित्र आहे. फक्त तो मी नव्हे.

पाहुणीचं म्हणशील तर ते कोटाबद्दल होतं रे. बाई असणं हे माझं स्वतःचं घर आहे. मला फक्त त्यातले झालरीचे पडदे नकोत. घड्याळवाल्याला ते घरच परकं होतं. एक वाक्य सारखं ऐकलंस आणि सुतावरून स्वर्ग गाठलास.

अजून एक सांगते. कामावर लोक मागून हाक मारतात, "ओ भाऊ, कितव्या मजल्यावर अडकलीय?" मी वळते, त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, आणि मला हसू येतं. माझ्या त्या मित्राला कुणी पहिल्यांदा भाऊ म्हणालं तेव्हा तो जिन्यात जाऊन रडून आला, आनंदाने. हाक तीच. त्याला ती पोचली. मला ती चुकून आलेली असते, म्हणून मला गंमत वाटते. भाऊ म्हटल्यावर मी कधी रडणार नाही. तू भाच्या लिहिलंस तेव्हा मात्र जरा रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

आता खरी गोची. आई येतेय ती मुलाच्या लग्नाला. चष्मेवाली म्हणाली, "एका दिवसाचा प्रश्न आहे. आई येऊन जाऊ दे, नंतर सांगू." मीही क्षणभर तयार झाले, खरं सांगते. दोन वर्षांनी आई बोलली, तिचा आवाज कानात अजून आहे. मग रात्री भांडी घासता घासता तीच म्हणाली, "नाही, नको. मला नवरा नकोय. मी बाईवर प्रेम केलंय, तुझ्या मामाने परस्पर माझंही बदलून टाकलं."

तेव्हा आईला मी सगळं लिहिते. तू मध्ये पडू नकोस. शिडी धरायलासुद्धा जाऊ नकोस. ती येणार नाही असं मला वाटतं. सून मिळाली म्हणून ती खूश होती, आता सूनही गेली. पण ती जर आली तर माझ्या लग्नाला यायला हवी, तू बेतलेल्या कुणा मुलाच्या नाही.

कोट परत पाठवतेय. चिठ्ठी काढून घेतलीय, मित्राला दिली. त्याला उपयोगी पडली.

खारू


१२ एप्रिल

प्रिय खारू,

चूक माझी आहे. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही, म्हणून सुटं लिहिलं.

तुझं पत्र वाचून सरळ समोरच्या दुकानात गेलो. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात रेशमी रुमाल. त्याला सगळं सांगितलं. "तुझ्याबद्दल भाचीला लिहिलंय, चालेल ना?" असंही विचारलं. म्हणाला, "आता विचारताय?"

मी म्हटलं, "मला एक कळत नाही. आमची खारू एकटी मोटार उचलते. तुला बरणीचं झाकण उघडत नाही, पाल दिसली की तू माझ्या दुकानात येऊन बसतोस. मग ती बाई आणि तू पुरुष, हे कसं?"

त्याने भिंग काढलं. "मास्तर, तुम्ही गिऱ्हाइकाच्या मुलीची पाठवणी ऐकूनसुद्धा डोळे पुसता. मग तुम्ही कोण?"

मी त्याच्या टेबलावरचं एक घड्याळ उचलून पुन्हा ठेवलं.

"दांडगी बाई बाईच असते आणि भित्रा पुरुष पुरुषच," तो म्हणाला. "हे तुम्हाला सगळ्या जगाच्या बाबतीत कळतं. आमची पाळी आली की मात्र तराजू काढता, कोण किती मर्दानी. तिच्यात पुरुषीपणा माझ्या दुप्पट असेल. असू दे की. त्याने ती पुरुष होत नाही आणि मी बाई होत नाही."

मग मी सांगितलं की तिच्या आईलाही मीच समजावून आलो. इथे त्याचा चेहरा बदलला. हा मुलगा कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"माझ्या घरी याच्या उलट झालं," म्हणाला. "मोठी बहीण म्हणायची, अगं, तू पुरुषी आहेस, तुला बायका आवडतात, असतात अशा बायका, त्यात लाजायचं काय? मग पुरुष कशाला व्हायचं? प्रेमाने सांगायची हो. शिव्या दिल्या असत्या तर उलटून बोललो असतो. प्रेमापुढे गप्प बसलो, कितीतरी वर्षं. तिने मला तुमच्या भाचीसारखं ठरवलं, तुम्ही भाचीला माझ्यासारखं ठरवलंत. ठरवणारा दोन्हीकडे तिसराच. मला प्रश्न विचारून विचारून वात आणलात, मास्तर. जिचा कोट होता तिला एक तरी विचारलात?"

नाही विचारला.

मी मापाचा माणूस, आणि हातात असलेलं बरोबर माप मी बाजूला सारलं, कारण मला जास्त कळतं. एखाद्या नवशिक्याने असं केलं असतं तर मी त्याला कात्रीला हात लावू दिला नसता.

परत आलेला कोट उसवून बघितला, शिवणीच्या आत माया, म्हणजे सैल करायला लागणारं जादा कापड, पुरेसं सोडलेलं नाही, म्हणून नवा बेततोय, चष्मेवालीच्या मापाने, नव्या कागदावर. पुरुषी कोटच, बटणं उजवीकडे. पण छातीला जागा देणारी डार्ट, म्हणजे शिवलेली चुणी, कॉलरच्या पट्टीखाली लपवीन. वरून रेघ दिसणार नाही. आता विचारतो, उत्तरं लिही. पुढून सैल हवा की लगत? कंबर आत घेऊ की सरळ सोडू? आणि तुझ्या आईला सांगण्याआधी तुला विचारलं नाही याचा राग किती दिवस राहील?

ताईकडे गेलो नाही. एकदा तिच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

मामा


२१ एप्रिल

खारू,

तुझं पत्र खिडकीत बसून वाचलं. रांग खोळंबली. एकजण ओरडला, त्याला म्हटलं, तुमची गाडी गेली. गेली नव्हती.

तुझा मामा लहानपणापासून असा आहे. त्याला अर्धं समजलं की तो सांगत सुटतो. मी त्याला शहाणा म्हटलं ते मागे घेते, कळव त्याला.

मुलगा आहे असं त्याने सांगितलं तेव्हा मला हलकं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. लोकांना सांगायला सोपं झालं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खिडकीवालीला सांगून टाकलं, मुलाचं लग्न आहे म्हणून. ती म्हणाली, तुला मुलगा कधी झाला? म्हटलं, मोठी गोष्ट आहे, जेवणाच्या सुट्टीत सांगते.

मग घरी येऊन सराव सुरू केला. माझा मुलगा, माझा मुलगा, असं भांड्यांना सांगायचे. मनापासून करत होते. तू तसा असतास तर शिकले असते, निम्मं शिकलेही होते, म्हणून तू लिहिलंस त्या घड्याळवाल्याच्या घरच्यांना कुणीतरी सांगा की सराव केला की जमतं. पण मला एक गोष्ट खुपत राहिली, आणि ती काय ते तुझं पत्र आल्यावर कळलं. माझं भांडण मुलीशी झालं होतं. मीच केलं होतं, तोंड शिवून. ते मिटवायचं होतं. तुझ्या मामाने माझी मुलगीच नेली, आता मिटवू कुणाशी? नव्या मुलाशी माझं काही वाकडं नव्हतं. त्याला मी ओळखतसुद्धा नव्हते.

तू लिहिलंस, "आई, मी बाईच आहे, तुला आवडली नाही तशी, पण बाईच." ते वाचून मला इतकं बरं वाटलं की पाणी प्यावं लागलं. म्हटलं, आली परत. आता हिच्याशी बोलता येईल.

तू मला आवडली नाहीस असं तू लिहिलंस त्यात चूक आहे. मला तू कळली नाहीस. आणि कळत नाही हे सांगायची मला लाज वाटली, कारण दिवसभर लोक मला विचारतात आणि मला सगळं ठाऊक असतं. म्हणून गप्प बसले. गप्प बसल्यावर एक दिवस जातो, मग एक महिना जातो, मग तोंड उघडायला कारण लागतं.

काल शेजारच्या खिडकीवालीला परत सांगितलं, मुलगा नाही, मुलगीच आहे. ती म्हणाली, "बरं. आणि लग्न कुणाशी?" "मुलीशी." तिने पुढच्या कागदावर शिक्का मारला. मग म्हणाली, "तिकडे जायला सकाळची गाडी घे, दुपारची रखडते." एवढंच. ह्याला मी दोन वर्षं भीत होते.

सकाळच्या गाडीने येतेय. लग्नाच्या दिवशी नाही, आधीच येते आणि राहते. माझे प्रश्न बरेच साठलेत. काही वेडगळ असतील. हसायचं नाही.

तुझी,
आई


१० मे

प्रिय मामा,

चिठ्ठीत कळवलं होतं तसाच झालाय कोट, पुढून लगत, कंबर सरळ. राग गेला. कधी गेला ते लक्षात नाही. कोट आला तेव्हा तर नव्हताच. तुझी डार्ट चष्मेवालीने दुकानातलं भिंग लावून शोधली, सापडली नाही. तिला तू मानतोस हे तिला कळलंय, आता ती चारचौघांत सांगते की माझ्या मापावर कोट झाला.

आई आली. आल्या आल्या दारातच म्हणाली, "तुम्हा दोघींत नवरा कोण?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"मग कचरा कोण बाहेर नेतं?"

"मी."

"स्वयंपाक?"

"जिला सुट्टी असेल ती."

"मग तुम्ही भांडता कशावरून?"

चष्मेवाली आतून म्हणाली, "ती ओले टॉवेल खुर्चीवर टाकते यावरून." आई म्हणाली, "अजून टाकते?" आणि त्या दोघी माझ्याविरुद्ध जे बोलायला बसल्या त्या अजून उठलेल्या नाहीत. प्रश्न रोज चालू आहेत. केस वाढवले तर चालत नाही का? चालतं, मला आवडत नाहीत. तुला मूल नको का? माहीत नाही अजून. तुला कधी वाटलं का, मुलगा असते तर बरं? एकदाच वाटलं, म्हटलं, तू बोलत नव्हतीस तेव्हा. असते तर तुला सोपं गेलं असतं म्हणून. त्यावर ती उठली आणि माझ्या डोक्यावरून, केसांच्या उलट्या दिशेने, हात फिरवून गेली.

काल आम्ही तिघी नोंदणी कचेरीत कागद द्यायला गेलो. मी कोट घातला होता, सवय व्हावी म्हणून. खिडकीतल्या माणसाने कागदांकडे न बघताच माझ्याकडे बघून विचारलं, "नवरदेव तुम्हीच ना?" माझं तोंड उघडेपर्यंत आई पुढे झाली. तुला तिचा तो आवाज माहीत आहे, खिडकीच्या काचेपलीकडून येतो तसा, उंच नाही पण रांगेच्या टोकापर्यंत जाणारा.

म्हणाली, "साहेब, मीही खिडकीत बसते. आधी कागद बघावा, मग तोंड उघडावं. नवरदेव कुणी नाही. दोघी मुली आहेत. ही माझी."

मामा, खूप वेळ उभं राहिल्यावर कुणी न मागता खुर्ची सरकवून देतं ना, तसं झालं मला.

मग ती माझ्याकडे वळली. "सही नीट कर," म्हणाली. "तुझं अक्षर कुणाला लागत नाही."

तुझी,
खारू